मो बर्ग

मॉरिस बर्ग ऊर्फ मो बर्ग (२ मार्च, इ.स. १९०२ – २९ मे, इ.स. १९७२) हे अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल खेळाडू, भाषाभ्यासक, वकील आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील गुप्तहेर होते. इ.स. १९२३ ते इ.स. १९३९ या काळात त्यांनी प्रथम श्रेणीच्या संघांकडून पंधरा हंगाम खेळले. खेळाडू म्हणून ते मध्यम प्रतीचे होते. त्यांची कीर्ती मुख्यतः मैदानाबाहेरील दोन गोष्टींवर उभी आहे: प्रचंड व्यासंग, आणि डिसेंबर १९४४ मध्ये झ्युरिक येथे जर्मन पदार्थवैज्ञानिक वेर्नर हायझेनबर्ग यांच्या व्याख्यानाला खिशात पिस्तूल घेऊन लावलेली हजेरी.

बालपण आणि शिक्षण

बर्ग यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. वडील बर्नार्ड हे युक्रेनमधून आलेले स्थलांतरित. अमेरिकेत कष्टाचे दिवस काढून ते औषधविक्रेते झाले. आईचे नाव रोझ. सॅम्युअल आणि एथेल यांच्या पाठीवर जन्मलेले मॉरिस हे तिसरे आणि धाकटे अपत्य. थोरला भाऊ पुढे डॉक्टर झाला, बहीण शिक्षिका झाली. मॉरिस साडेतीन वर्षांचे असतानाच शाळेत पाठवण्याचा हट्ट आईपाशी धरत असत, असे सांगितले जाते. पुढे हे कुटुंब न्यू जर्सी राज्यातील न्यूअर्क येथे स्थायिक झाले आणि तेथील रोझव्हिल भागात बर्नार्ड यांचे औषधांचे दुकान चालू लागले. या वस्तीत ज्यू घरे फारशी नव्हती. सात वर्षांचे मॉरिस तेथील मेथडिस्ट चर्चच्या मुलांच्या संघात खेळू लागले ते रंट वुल्फ या बनावट, ख्रिस्ती वाटणाऱ्या नावाने. दुसऱ्याच्या नावाने वावरण्याचा त्यांच्या आयुष्यातील हा पहिला प्रसंग म्हणता येईल.

बॅरिंजर हायस्कूलमधून सोळाव्या वर्षी बाहेर पडल्यावर त्यांनी न्यू यॉर्क विद्यापीठात दोन सत्रे काढली आणि इ.स. १९१९ मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठात प्रवेश घेतला. त्या काळी प्रिन्स्टन हे श्रीमंत प्रोटेस्टंट घराण्यांतील मुलांचे विद्यापीठ होते. ज्यू विद्यार्थी मोजकेच असत आणि तेथील प्रतिष्ठित भोजनमंडळांत त्यांना सहसा थारा मिळत नसे. बर्ग यांनी तेथे लॅटिन, ग्रीक, फ्रेंच, स्पॅनिश, इटालियन, जर्मन आणि संस्कृत अशा सात भाषांचा अभ्यास केला आणि इ.स. १९२३ मध्ये आधुनिक भाषा या विषयात विशेष गुणवत्तेसह पदवी मिळवली. भारतीय वाचकाला या यादीतील शेवटचे नाव कुतूहलाचे वाटेल. युरोपीय भाषांच्या तौलनिक अभ्यासासाठी संस्कृत आवश्यक मानण्याची एकोणिसाव्या शतकातील परंपरा तेव्हाही पाश्चात्त्य विद्यापीठांत टिकून होती.

विद्यापीठाच्या संघात ते शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या तळाच्या मधल्या जागेचे क्षेत्ररक्षक होते. शेवटच्या वर्षी ते संघाचे कर्णधार होते आणि त्या वर्षी संघाने ओळीने अठरा सामने जिंकले. प्रतिस्पर्ध्याचा धावपटू दुसऱ्या तळावर उभा असला की ते आणि त्यांचे जोडीदार क्रॉसन कूपर एकमेकांना लॅटिनमधून सूचना देत असत, ही हकिकत त्यांच्या सर्व चरित्रांत येते.

व्यावसायिक बेसबॉल

२६ जून १९२३ रोजी बर्ग यांनी यँकी स्टेडियमवर येल विद्यापीठाविरुद्ध शेवटचा विद्यापीठीय सामना खेळला. लगेच दुसऱ्या दिवशी ब्रुकलिन रॉबिन्स संघाने त्यांना ५,००० डॉलरांचा करार दिला. न्यू यॉर्कच्या संघांना त्या वेळी ज्यू खेळाडू हवे होते. शहरातील मोठा ज्यू समाज त्यामुळे मैदानाकडे वळेल, हा त्यामागील सरळ व्यवहारी हिशेब होता. पहिल्या हंगामात ४९ सामन्यांत त्यांची फलंदाजी अगदीच निस्तेज राहिली. हंगाम संपताच ते पॅरिसला गेले आणि सॉरबॉन येथे भाषा व साहित्याच्या वर्गांना बसले. रोज अनेक वृत्तपत्रे विकत घेऊन वाचण्याची सवय त्यांना तेथेच लागली. स्वतः वाचून होईपर्यंत ते त्या वृत्तपत्राला कोणालाही हात लावू देत नसत. आपल्याआधी कोणी ते चाळले तर ते त्यांच्या लेखी मृत होई आणि ते नवी प्रत आणत. ही सवय अखेरपर्यंत टिकली.

पुढील दोन वर्षे कनिष्ठ संघांत गेली. इ.स. १९२६ मध्ये ते शिकागो व्हाइट सॉक्स संघात आले. याच सुमारास त्यांनी कोलंबिया विद्यापीठात कायद्याचा अभ्यास सुरू केला होता. वसंतातील सराव शिबिराचे दिवस आणि विद्यापीठाचे सत्र एकाच वेळी येत. बर्ग यांनी विद्यापीठाची बाजू घेतली आणि ते संघात उशिरा रुजू होऊ लागले. उशिरा येणाऱ्याची जागा दुसऱ्या कोणाला तरी मिळते, आणि तसेच झाले.

ऑगस्ट १९२७ मध्ये संघाचे तिन्ही कॅचर लागोपाठ जायबंदी झाले आणि बर्ग यांच्या कारकिर्दीला अनपेक्षित वळण लागले. तोवर क्षेत्ररक्षक असलेले बर्ग कॅचर झाले. बेसबॉलमधील कॅचर वरवर पाहता क्रिकेटमधील यष्टिरक्षकासारखा दिसतो, पण त्याचे काम त्याहून बरेच मोठे असते. तो फलंदाजाच्या मागे उकिडवा बसतो आणि पुढचा चेंडू कोणत्या प्रकारचा व कोठे टाकायचा हे चेंडू टाकणाऱ्या पिचरला बोटांच्या खुणांनी सुचवतो. या खुणा प्रतिस्पर्ध्यांना कळू नयेत म्हणून त्या वारंवार बदलाव्या लागतात. सगळे मैदान समोर असणारा तो संघातील एकटाच खेळाडू असतो, आणि प्रत्येक फलंदाजाच्या सवयी त्याला पाठ असाव्या लागतात. स्मरणशक्ती, निरीक्षण आणि सांकेतिक भाषा यांवर चालणारे हे काम बर्ग यांच्या प्रकृतीला चांगलेच मानवले. याच विषयावर त्यांनी लिहिलेला पिचर आणि कॅचर यांच्याविषयीचा निबंध सप्टेंबर १९४१ च्या ‘अटलांटिक मंथली’ मासिकात प्रसिद्ध झाला. बेसबॉलविषयीच्या उत्तम लेखनात त्याची आजही गणना होते.

इ.स. १९२९ हा त्यांचा सर्वोत्तम हंगाम होता. त्या वर्षी ते शंभरावर सामने खेळले आणि त्यांची फलंदाजीची सरासरी .२८७ होती. म्हणजे फलंदाजीच्या दर हजार संधींत २८७ वेळा त्यांचा फटका यशस्वी ठरला. तीनशेचा आकडा तेथे उत्तम मानला जातो हे लक्षात घेता ही कामगिरी चांगलीच म्हणावी लागेल. त्याच वर्षी ते न्यू यॉर्क राज्याची वकिलीची परीक्षा उत्तीर्ण झाले आणि पुढील वर्षी त्यांना कायद्याची पदवी मिळाली. पण एप्रिल १९३० मध्ये एका सराव सामन्यात त्यांच्या गुडघ्याला गंभीर दुखापत झाली आणि नियमित खेळाडू म्हणून त्यांची कारकीर्द तेथेच संपली. त्यानंतर ते क्लीव्हलँड इंडियन्स, वॉशिंग्टन सेनेटर्स आणि अखेर बॉस्टन रेड सॉक्स या संघांत राखीव कॅचर म्हणून राहिले. एप्रिल १९३४ पर्यंत ओळीने ११७ सामन्यांत कॅचर म्हणून एकही चूक न करण्याचा अमेरिकन लीगमधील विक्रम त्यांच्या नावावर जमा झाला. मात्र इ.स. १९३३ मध्ये सेनेटर्स संघ अजिंक्यपदाच्या मालिकेपर्यंत पोहोचला, तेव्हा त्यांना एकाही सामन्यात उतरवले गेले नाही. बॉस्टनमधील पाच हंगामांत मिळून ते सुमारे दीडशे सामने खेळले. उरलेला वेळ राखीव खेळाडूंच्या बाकावर नव्या पिचरांना शिकवण्यात आणि गोष्टी सांगण्यात जाई.

एकूण ६६३ सामने, ४४१ यशस्वी फटके, ६ होम रन आणि .२४३ सरासरी असा त्यांचा हिशेब आहे. एवढ्या भाषा येणाऱ्या या माणसाला त्यांपैकी एकाही भाषेत फटका मारता येत नाही, अशी थट्टा सहकारी करीत. ही थट्टा बर्ग स्वतःही आनंदाने सांगत असत. ते शेवटचा सामना खेळले तो दिवस १ सप्टेंबर १९३९ हा होता. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. पुढील दोन वर्षे ते रेड सॉक्सचे प्रशिक्षक होते.

हिवाळ्यात वॉल स्ट्रीटवरील एका प्रतिष्ठित कार्यालयात त्यांनी काही काळ वकिलीही केली, पण त्यांचे मन तेथे रमले नाही. वडिलांच्या दृष्टीने मात्र वकिली हेच खरे काम होते. बर्नार्ड यांनी बेसबॉलकडे कायम वेळेचा अपव्यय म्हणूनच पाहिले. मुलगा पंधरा हंगाम व्यावसायिक बेसबॉल खेळला, पण त्याचा एकही सामना पाहायला ते गेले नाहीत. जानेवारी १९४२ मध्ये ते वारले.

देशभर बर्ग यांचे नाव झाले ते मात्र नभोवाणीमुळे. ‘इन्फर्मेशन प्लीज’ या त्या काळच्या अत्यंत लोकप्रिय प्रश्नमंजूषेत ते सहभागी झाले. शब्दांच्या व्युत्पत्तीपासून इतिहासापर्यंतच्या प्रश्नांना त्यांनी दिलेल्या उत्तरांनी श्रोते थक्क झाले.

जपानचे प्रवास

इ.स. १९३२ च्या शरद ऋतूत लेफ्टी ओडूल आणि टेड लायन्स या खेळाडूंबरोबर बर्ग जपानला गेले. वासेदा, केइओ, मेइजी इत्यादी विद्यापीठांतील विद्यार्थ्यांना बेसबॉल शिकवणे हे त्यांचे काम होते. जाण्यापूर्वी आणि गेल्यावर त्यांनी जपानी भाषेचा अभ्यास केला. काम संपल्यावर सहकारी मायदेशी परतले, पण बर्ग मांचुरिया, शांघाय, पेकिंग, इंडोचायना, सयाम, भारत आणि इजिप्त असा प्रवास करीत बर्लिनमार्गे घरी पोहोचले. प्रिन्स्टनमध्ये संस्कृत शिकलेला हा विद्यार्थी भारतात आला तो अशा रीतीने, एक प्रवासी म्हणून.

इ.स. १९३४ मध्ये बेब रूथ, लू गेरिग, जिमी फॉक्स यांच्यासारख्या महान खेळाडूंचा संघ जपानच्या दौऱ्यावर निघाला. त्यात बर्ग यांच्यासारख्या राखीव कॅचरची निवड अनेकांना चमत्कारिक वाटली. ते जपानी बोलत होते, हे त्याचे साधे स्पष्टीकरण असू शकते. एका वृत्तपट कंपनीशी करार करून त्यांनी १६ मिलिमीटरचा चलच्चित्र कॅमेराही बरोबर घेतला होता. जपानी प्रेक्षकांनी या दौऱ्याला विलक्षण प्रतिसाद दिला. दौरा संपताच जपानमध्ये व्यावसायिक संघाची स्थापना झाली, आणि तोच पुढे योमिउरी जायंट्स या नावाने प्रसिद्धीस आला.

२९ नोव्हेंबर १९३४ रोजी संघ ओमिया येथे खेळत असताना बर्ग टोकियोतच थांबले. किमोनो घालून आणि हातात फुले घेऊन ते त्सुकिजी भागातील सेंट ल्यूक्स रुग्णालयात गेले. अमेरिकी राजदूत जोसेफ ग्रू यांची कन्या तेथे बाळंत झाली होती आणि तिला भेटायला आलो आहोत, असे त्यांनी सांगितले. प्रत्यक्षात ते तिला न भेटताच थेट इमारतीच्या गच्चीवर गेले. रुग्णालयाची ही इमारत शहरातील सर्वांत उंच इमारतींपैकी एक होती. तेथून त्यांनी टोकियो शहर आणि बंदराचे चित्रीकरण केले.

या चित्रफितीभोवती पुढे मोठी दंतकथा रचली गेली. एप्रिल १९४२ मधील डूलिटल यांच्या हवाई हल्ल्यासाठी वैमानिकांनी तीच फीत वापरली, असे अनेक लेखांत आजही छापले जाते. बर्ग यांनी युद्धकाळात ती फीत अमेरिकी लष्करी गुप्तचर खात्याला दाखवली हे खरे आहे. तथापि हल्ल्याच्या आखणीत तिचा उपयोग झाल्याचा पुरावा नाही, आणि १९३४ मध्ये त्यांना सरकारने हेर म्हणून पाठवले होते यालाही आधार मिळालेला नाही. आठ वर्षांपूर्वी, कोणी सांगितले नसताना, पकडले जाण्याचा धोका पत्करून त्यांनी हे चित्रीकरण केले, एवढेच निश्चितपणे म्हणता येते. तेही थोडे नाही.

युद्धकाळ

जानेवारी १९४२ मध्ये बर्ग यांनी बेसबॉल सोडले आणि नेल्सन रॉकफेलर यांच्या हाताखालील आंतर-अमेरिकी व्यवहार कार्यालयात नोकरी स्वीकारली. त्या फेब्रुवारीत त्यांनी नभोवाणीवरून जपानी जनतेला उद्देशून जपानी भाषेत भाषण केले आणि दोन्ही देशांतील जुन्या स्नेहाची आठवण करून देत युद्धाच्या मार्गाविषयी सावध केले. ज्या मुलांना त्यांनी बेसबॉल शिकवले होते ती आता सैन्यात होती. पुढे काही महिने कॅरिबियन बेटे आणि दक्षिण अमेरिका येथील अमेरिकी तळांची पाहणी करून ऑगस्ट १९४३ मध्ये ते ‘ऑफिस ऑफ स्ट्रॅटेजिक सर्व्हिसेस’ या युद्धकालीन गुप्तचर संघटनेत दाखल झाले. विल्यम डोनोव्हन हे तिचे प्रमुख होते.

अमेरिकेचा अणुबाँबचा प्रकल्प तेव्हा गुप्तपणे चालू होता. अणुविखंडनाचा शोध १९३८ च्या अखेरीस बर्लिनमध्ये लागला होता. त्यामुळे जर्मनी या शर्यतीत पुढे असेल, ही भीती प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्ह्ज आणि त्यांच्या शास्त्रज्ञांना सतत सतावत होती. जर्मन संशोधनाचे केंद्रस्थान म्हणून सर्वांची नजर हायझेनबर्ग यांच्यावर होती. ते कोठे आहेत आणि काय करीत आहेत हे शोधण्याचे काम बर्ग यांच्याकडे आले. जून १९४४ मध्ये रोम मुक्त होताच ते तेथे पोहोचले आणि एदोआर्दो अमाल्दी व जान कार्लो विक या पदार्थवैज्ञानिकांना भेटले. विक हे हायझेनबर्ग यांना जवळून ओळखत होते. अनेक महिने बर्ग इटलीतील शास्त्रज्ञांशी बोलत, त्यांची कागदपत्रे भाषांतरित करीत आणि स्वतः पदार्थविज्ञानाची पुस्तके वाचत राहिले.

हायझेनबर्ग तटस्थ स्वित्झर्लंडमध्ये, झ्युरिकच्या तंत्रविज्ञान विद्यापीठात व्याख्यान देण्यासाठी येणार असल्याचे कळल्यावर बर्ग यांना तेथे पाठवण्यात आले. त्यांच्याजवळ पिस्तूल होते आणि प्रसंग ओढवल्यास स्वतःसाठी सायनाइडची गोळी होती. जर्मनी अणुबाँबच्या जवळ पोहोचल्याचे व्याख्यानातून दिसले, तर हायझेनबर्ग यांना जागीच ठार करायचे, असा आदेश होता.

१८ डिसेंबर १९४४ रोजी झालेल्या त्या व्याख्यानाला जेमतेम वीसेक श्रोते होते. विषय होता एस-मॅट्रिक्स सिद्धान्त. कणांच्या टकरीविषयीच्या या शुद्ध सैद्धान्तिक विषयाचा शस्त्रांशी काही संबंध नव्हता. बर्ग यांचे जर्मन उत्तम होते, पण गणित त्यांच्या आवाक्याबाहेरचे होते. ते टिपणे घेत बसले आणि वक्त्याचा चेहरा, हालचाल आणि स्वर न्याहाळत राहिले. फलंदाजाच्या पायांच्या ठेवणीवरून त्याच्या मनातले ओळखण्यात आयुष्य गेलेल्या माणसाला जे साधन अवगत होते तेच त्यांनी येथे वापरले. पुरावा अपुरा होता आणि चूक कोणत्याही बाजूने झाली असती तरी भरून येणारी नव्हती. गोळी झाडली असती तर विसाव्या शतकातील एक श्रेष्ठ शास्त्रज्ञ विनाकारण मारला गेला असता. न झाडता भीती खरी ठरली असती, तर त्याची किंमत शहरांनी मोजली असती. बर्ग यांनी पिस्तूल बाहेर काढले नाही.

त्यानंतर काही दिवसांनी यजमान प्राध्यापक पाउल शेरर यांच्या घरी भोजन झाले. शेरर हे अमेरिकी गुप्तचरांना माहिती पुरवीत होते आणि त्यांनी बर्ग यांनाही बोलावले होते. युद्ध जर्मनीच्या हातून गेलेच ना, असे कोणी तरी विचारले, तेव्हा हायझेनबर्ग यांच्या उत्तरातून पराभवाची कबुली आणि विजय न मिळाल्याची हळहळ अशा दोन्ही गोष्टी प्रकट झाल्या. आपल्याजवळ युद्धाचे पारडे फिरवणारे शस्त्र आहे असे वाटणारा माणूस असे बोलणार नाही, हा बर्ग यांचा निष्कर्ष होता. भोजनानंतर ते हायझेनबर्ग यांच्यासोबत झ्युरिकच्या रस्त्यांवरून चालत गेले. आपल्या शेजारून कोण चालले आहे याची हायझेनबर्ग यांना कल्पना नव्हती.

बर्ग यांचा अहवाल वॉशिंग्टनला पोहोचला आणि राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांच्यापर्यंत गेला. त्याच सुमारास स्ट्रासबुर्ग येथे हाती लागलेल्या जर्मन कागदपत्रांवरूनही हाच निष्कर्ष निघत होता. त्यामुळे केवळ बर्ग यांच्यामुळे अमेरिकेची भीती दूर झाली असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. पण त्यांचा निर्णय बरोबर होता. जर्मन शास्त्रज्ञांना युद्ध संपेपर्यंत स्वयंपूर्ण शृंखला-अभिक्रियाही साधता आली नव्हती.

उत्तरायुष्य

इ.स. १९४५ मध्ये ही संघटना बरखास्त झाली. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारने बर्ग यांना ‘मेडल ऑफ फ्रीडम’ जाहीर केले, ते त्यांनी स्वीकारले नाही. कारणही त्यांनी जाहीरपणे कधी सांगितले नाही. इ.स. १९५२ मध्ये सीआयएने सोव्हिएत अणुसंशोधनाची माहिती जुन्या ओळखींतून मिळवण्यासाठी त्यांची नेमणूक केली, परंतु हाती काही आले नाही आणि पुढे करार वाढवला गेला नाही. त्यानंतरच्या जवळजवळ वीस वर्षांत त्यांनी कोणतीही स्थिर नोकरी केली नाही. त्यांचे पैसे गुंतलेली एक कंपनी बुडाली होती आणि करांची थकबाकीही मागे लागली होती.

ते अविवाहित होते. सुमारे सतरा वर्षे ते न्यूअर्कमध्ये भाऊ सॅम्युअल यांच्या घरी राहिले. पुस्तके आणि जुन्या वृत्तपत्रांच्या चळतींनी घर भरून गेले. अखेर भावाने त्यांना घर सोडायला सांगितले, तेव्हा ते बेलव्हिल येथे बहीण एथेल यांच्याकडे गेले. काळा सूट, पांढरा सदरा आणि काळा टाय हा त्यांचा वेश कधी बदलला नाही. मित्रांच्या घरी अचानक येणे, गोष्टी सांगणे आणि तितकेच अचानक निघून जाणे असा त्यांचा क्रम असे. हल्ली काय करता असे कोणी विचारले की ते ओठांवर बोट ठेवत. ऐकणाऱ्याला वाटे की ते अजून सरकारच्या गुप्त कामगिरीवर आहेत. तसे काही नव्हते.

इ.स. १९६० च्या सुमारास आत्मचरित्र लिहिण्याचा एक प्रस्ताव आला होता. पण मदतीला आलेल्या लेखकाने त्यांना ‘थ्री स्टूजेस’ या विनोदी चित्रपटांतील मो समजून बोलायला सुरुवात केली आणि बर्ग उठून गेले, असे सांगतात.

घरात पडून झालेल्या दुखापतीमुळे २९ मे १९७२ रोजी, वयाच्या सत्तराव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यांच्यावर दहनसंस्कार करण्यात आला. एथेल यांनी पुढे त्यांची रक्षा इस्रायलला नेली.

निकोलस डेव्हिडॉफ यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इ.स. १९९४ मध्ये प्रसिद्ध झाले. दंतकथा आणि नोंदी वेगळ्या करण्याचे काम त्यात काळजीपूर्वक झाले आहे. त्यावर आधारित ‘द कॅचर वॉज अ स्पाय’ हा चित्रपट इ.स. २०१८ मध्ये आला, त्यात पॉल रड यांनी बर्ग यांची भूमिका केली. बर्ग यांनी नाकारलेले पदक त्यांच्या मृत्यूनंतर एथेल यांनी स्वीकारले आणि कूपर्सटाउन येथील बेसबॉलच्या राष्ट्रीय संग्रहालयाला दिले. खेळाडू म्हणून तेथील मानकऱ्यांच्या यादीत बर्ग यांचे नाव नाही.